ठिपक्याचं बटण

कॉम्प्युटरवरचं लिनक्स अपडेट केलं केतकीनं, आणि अण्णांचा आवाज दुसऱ्यांदा गेला. पहिल्यांदा तो घशाच्या ऑपरेशनात गेला होता. पण त्याआधीच त्यांनी स्वतःच्या आवाजातली तीस वाक्यं भरून एक प्रोग्राम लिहून ठेवला होता. बटण दाबलं की अण्णा बोलत. प्रोग्राम ज्या जावावर चालायचा, ती जुनी जावा अपडेटनं काढून नवी बसवली, आणि प्रोग्राम उघडेना. चार दिवस घर मुकं होतं.

“जुन्या-नव्या जावांचं कधी पटलंय?” आई म्हणाली. अण्णा आवाजाविना हसले.

केतकीनं जुनी जावा शोधून पुन्हा बसवली, प्रोग्रामला तिचाच पत्ता दिला. तो उघडला. मग एकेक बटण ती दाबून पाहू लागली. “पंखा कमी करा.” “साखर विसरलीस.” “केतके, जेवलीस का?”

शेवटच्या बटणावर नुसता ठिपका होता. अण्णांनी ते कधीच दाबलं नव्हतं. त्यांनी घाईनं हात उचलला, पण तिचं बोट पडलं होतं.

“आता पुरे. दवाखाना नको. जाऊ द्या मला.”

आवाज खणखणीत होता.

“हे बटण काढून टाकू, अण्णा?”

अण्णांनी सावकाश, मानेनंच नको म्हटलं.