तोडलेलं पाणी

अर्पितानं इकडेतिकडे पाहिलं आणि प्रियंकाच्या कपाशीच्या कुंड्यांत बाटलीभर पाणी ओतलं. वरून कोरडी माती भुरभुरवली. जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेमागं कुणी फिरकत नसे, त्यामुळं आठवडाभर तिचा हा उद्योग बिनबोभाट चालला होता.

पोटात दुखायचं कारण साधं होतं. यवतमाळच्या त्या कॉलेजात राठोड सरांच्या हाताखाली अर्पिता आधीपासूनची. प्रियंका मुकुटबनहून मागाहून आलेली. कानामागून आली अन् तिखट झाली! टेराहर्ट्झ लहरींचं नवं यंत्र आलं, तर पहिला हात तिचाच. पानातून लहरी सोडायच्या. पान जितकं पाणीदार, तितक्या त्या पानातच जिरतात. झाड सुकलेलं दिसायच्या आधीच त्याची तहान कळते, असं प्रियंकाचं म्हणणं. त्या वर्षी पावसानं दगा दिलेला, जिल्ह्यातली कपाशी उभ्या उभ्या करपत होती, म्हणून या प्रयोगाला भलताच मान. त्याच्या जोरावर दोघींपैकी एकीलाच बंगळूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जायचं होतं. सर प्रियंकाचंच नाव घेत, आणि ते ऐकलं की अर्पिताचा नुसता तिळपापड होई.

झाडं तहानावीत म्हणून या कुंड्यांचं पाणी प्रियंकानं मुद्दाम तोडलं होतं. आता यंत्र म्हणणार, पानं पाण्यानं भरलेली आहेत. मग बस म्हणावं बोंबलत!

शनिवारी सरांनी सगळ्यांसमोर आकडे मागितले. पाणी तोडलेल्या कुंड्यांची पानं भरलेली निघाली, असं प्रियंकानं सरळ सांगून टाकलं. सरांच्या कपाळाला आठी पडली. अर्पिताला आतून गुदगुल्या झाल्या.

"यंत्र बराबर आहे, सर," प्रियंका म्हणाली. "कोणीतरी पाणी घातलं, हे त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं. तुम्ही म्हटलं होतं ना, यंत्राची परीक्षा घ्याले मले न सांगता कोणाकडून तरी पाणी घालून घेईन म्हणून? मंग मी खिडकीतून पाह्यलं, तर अर्पिताताई! परीक्षा मोडू नये म्हणून गप राह्यली. सर, बंगळूरले ताईलेच पाठवा. माह्यापेक्षा जास्त मेहनत त्यायची आहे."

टाळ्या पडल्या. अर्पितानं लाजल्यासारखी मान खाली घातली.

सरांनी चष्मा काढला आणि तिच्याकडे पाहिलं. "ते पाणी घालाले मी माळ्याले, रामलालले सांगणार होतो," ते म्हणाले. "येत्या सोमवारपासून."