टिक न केलेली अभ्यासिका

शनिवारी सकाळीही यादी गच्च भरलेली होती. खुर्च्या बाकी. पंखे बाकी. पुस्तकांची कपाटं बाकी. रविवारी अमरावतीत वस्तीच्या अभ्यासिकेचं उद्घाटन, आणि समितीची नवी सचिव संध्या अकोल्यात, जठारपेठेतल्या खोलीत, तोंडही न धुता लॅपटॉपसमोर बसलेली.

ॲप तिनंच निवडलं होतं. तिची नोकरी अकोल्यात, समिती अमरावतीत. म्हणून लॅपटॉपवर लिहिलं की त्याच क्षणी सगळ्यांच्या फोनवर आणि अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटरवर उमटेल, असंच ॲप हवं होतं. करून पाहिलेलं पहिलं ॲप रोज सकाळी ‘आज कसं वाटतंय?’ विचारायचं. अध्यक्ष पुंजाजीकाकांनी आठवडाभर गुडघ्याबद्दल प्रामाणिक उत्तरं दिली आणि मग औषध कधी येणार म्हणून विचारलं. दुसऱ्यात काम झालं की पडद्यावर झाड वाढायचं. त्याला पाणी कोण घालणार, यावर समितीची बैठक झाली. तिसरं मात्र चोख होतं. मराठीत. प्रत्येक कामापुढं करणाऱ्याचं नाव. टिक केली की काम नावासकट गायब. संध्याला ही सफाई फार आवडली होती.

पुंजाजीकाकांची अट साधी होती. “रविवारी फीत कापली गेली त सचिव तूच, पोरी. नाही त बंडूले परत बसवतो.”

बंडूनं कित्येक वर्षं सचिवपद तोंडी चालवलं होतं. त्या वर्षांत अभ्यासिकाही तोंडीच होती.

संध्यानं एकेकाला फोन लावला. जो तो म्हणाला, “झालं समज.” वऱ्हाडात या वाक्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. तिनं टेम्पो बोलावला, भाड्याच्या खुर्च्या भरल्या, पंखे घेतले, आणि एका पंख्याची पाती मांडीवर धरून ड्रायव्हरशेजारी बसली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. सचिवपदही जाणार, हे तिनं वाटेत मान्य करून टाकलं.

अभ्यासिकेचं दार उघडं होतं. वर पंखे फिरत होते. खाली खुर्च्या रांगेत होत्या. कपाटांत पुस्तकं विषयवार लागली होती. सुंदराबाई शेवटची खिडकी पुसत होत्या. त्यांनी टेम्पोकडे पाहिलं.

“हे कायले आनलं?”

“यादीत सगळं बाकीच दिसून राहिलं न, मावशी. टिक काहून नाही केली?”

“केली होती एकडाव. माझं नाव गेलं. मंग नातीकडून परत लिवून घेतलं.” सुंदराबाईंनी फडका पिळला. “बाहीर कोनशिलेच्या दगडावर पाहून घे. उद्घाटकाचं नाव, पाहुन्यायचं नाव. ईटा आमी वाहिल्या. जिंदगीत माझं नाव एका जागी चढलं, पोरी. ते म्या माझ्याच हातानं मिटवू?”

शिडीवरून स्वप्निल म्हणाला, “माझं बी राहू द्या, ताई. पंखे. स्वप्निल. चांगलं दिसते.”

संध्या कॉम्प्युटरसमोर बसली. नावं एकेक करून वाचली. मग तिनं पाठ सरळ केली आणि अक्षरं मोठी केली.

“टिक फक्त बंडूनं केली,” दारातून आत येत पुंजाजीकाका म्हणाले. “पयल्याच दिवशी.”

“त्याच्याकडं काय होतं?”

“माइक.”

सगळ्यांनी खोलीभर पाहिलं. माइक नव्हता.

रविवारी फीत कापली गेली. उद्घाटकांनी सगळं भाषण नरड्यावर केलं. मागच्या रांगांनी नुसते हातवारे पाहून टाळ्या वाजवल्या. दाराजवळच्या पडद्यावर यादी झळकत होती, आणि लोक आपापल्या बाकी कामाशेजारी उभे राहून फोटो काढत होते. सुंदराबाईंनी नवं लुगडं नेसून तीनदा काढला.

पुंजाजीकाका उद्घाटकांना घेऊन आले. “ह्या आमच्या सचिव, संध्याबाई.”

घसा बसलेल्या उद्घाटकांनी पडद्याकडे पाहिलं. “मॅडम, एवढी कामं बाकी?”

“नाही सर,” संध्या म्हणाली. “ही सगळी झाली. एकच झालेलं होतं, तेवढं राहिलं.”