मेयरसाठी ठोकलेला खिळा

विस्कॉन्सिनच्या जंगलातल्या एका बारा टोकांच्या शिंगांच्या नर हरणावर डेलमरचा तीन वर्षं डोळा होता. फाटक्या कानाच्या त्या हरणाचं नाव त्याने ‘मेयर’ ठेवलं होतं आणि त्याच्या शिंगांसाठी घरात शेकोटीच्या वर खिळाही ठोकून ठेवला होता.

डिसेंबरअखेरीस, शिकारीच्या हंगामाच्या शेवटच्या दिवसांत मात्र फक्त बिनशिंगी हरीण मारायची मुभा होती. "मेयरचा नाद सोड आणि एखादी मादी मार. फ्रीझर रिकामा पडलाय," बायको आर्डिस म्हणाली.

मचाणावर चार तास कुडकुडल्यावर एक थोराड मादी समोर आली आणि डेलमरने ठासणीची बंदूक झाडली. जवळ जाऊन बघतो तर मादी कसली! कान फाटका, आणि डोक्यावर शिंगं गळून पडल्याच्या दोन ताज्या खुणा. या दिवसांत नरांची शिंगं गळतात, हे तोच अख्ख्या गावाला शिकवत आला होता.

कपाळाला हात लावत तो घरी आला.


शेकोटीवरच्या त्या खिळ्याला सुतळीने बांधलेल्या शिंगांच्या बारा टोकांवर मोजे वाळत होते. "खुराड्यामागे पडली होती रे दोन्ही," आर्डिस म्हणाली, "तुझा खिळा एकदाचा कामी आला!"