सातव्या पायरीवरची चूक

ऑफिसची लिफ्ट बंद होती, म्हणून भिंग एका बाईंना जिन्याने वर नेत होता. तिसऱ्या मजल्यावर जायचं होतं. बाई साठीच्या, हातात कापडी पिशवी. न जाणो, तोल गेला तर, म्हणून तो दोन पायऱ्या मागे राहिला होता. भिंग हे त्याचं ऑफिसातलं नाव. कंपनी कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायची आणि त्यातल्या चुका हुडकून काढणं हे त्याचं काम होतं.

सातव्या पायरीवर बाई थांबल्या. पिशवी उजव्या हातात घेतली, डावा तळहात गुडघ्यावर दाबला, "हं" केलं आणि उजवा पाय आधी टाकून पुढे निघाल्या.

भिंग जागच्या जागी उभा राहिला. हे त्याने पाहिलं होतं. एकदा नाही, निदान तीनशे वेळा. आणि आज सकाळीच त्याने ते पुसून टाकलं होतं.

"काय रे बाळा, दमलास?" बाईंनी वरून विचारलं.

"नाही काकू. चला."

पुढच्या जिन्यावर त्याने मनात पायऱ्या मोजल्या. आपला अंदाज चुकावा असं त्याला नोकरीत पहिल्यांदाच वाटलं. तो चुकला नाही; सातवीवर बाई पुन्हा थांबल्या.

कंपनीच्या खेळात नवं म्हणावं असं कंपनीने गेल्या आठ वर्षांत काही केलंच नव्हतं. खेळणारी हौशी मंडळी घरी बसून खेळाच्या फायली उघडत, त्यात आपल्या मनासारखे फेरफार करत आणि ते इतरांना फुकट वाटून टाकत. याला ते मॉड म्हणत. पावसात ओले होणारे कपडे, आवाजाकडे मान वळवणारा पहारेकरी, सगळं आधी त्यांनी केलेलं. लोकांना काय आवडतंय ते कंपनी निवांत बघायची आणि मग त्या आयत्या पिठावर रेघोट्या ओढून 'सादर करत आहोत' म्हणून मोकळी व्हायची. कायद्याने ते चालत होतं. खेळ सुरू करताना सगळे न वाचता 'मान्य' दाबतात, त्यात तसं लिहिलेलं होतं.

बाईंचा मुलगा या मंडळींत जिनेवाला म्हणून ओळखला जायचा. त्याच्या आधी खेळातली माणसं जिना चढत नसत, तेल लावल्यासारखी वर घसरत. त्याने त्यांचं पाऊल पायरीवर टेकवलं. मागे शत्रू लागलेला असताना खेळातला सैनिक सातव्या पायरीवर गुडघा धरून थांबायचा, तेव्हा खेळणाऱ्यांचा श्वास अडकायचा. दोन महिन्यांपूर्वी जिनेवाला गेला. कंपनीने त्याचा जिना उचलला. थांबणं मात्र वरच्यांना पटेना. भिंगाच्या यादीत ते चूक क्रमांक बेचाळीस म्हणून आलं, शेरा: 'विनाकारण थांबतो, काढणे.'

पुढे कटकट नको म्हणून विभागप्रमुखांच्या खोलीत बाईंच्या सहीसाठी कागद तयार होता. मुलाच्या कामावर घरचे कधी हक्क सांगणार नाहीत, एवढंच त्यात होतं.

"मावशी, इथे सही. वाईट वाटतं हो, हुशार मुलगा होता," प्रमुख म्हणाले.

"करते ना सही. मला काय करायचाय हक्क?" बाई म्हणाल्या. "पण त्याने काय केलंय ते एकदा दाखवा. घरचा कॉम्प्युटर त्याच्या पासवर्डशिवाय उघडत नाही. तो गेल्यापासून त्याचं काही म्हणजे काही बघितलं नाही मी."

प्रमुखांनी घड्याळ पाहिलं. साडेबारा. एक वाजता नवी आवृत्ती बाहेर पडायची होती. "भिंग, दाखव यांना पटकन."

सैनिक थांबायचा ती जुनी प्रत भिंगाच्या मशीनवर अजून होती. ती परत घालायला दहा मिनिटं पुरली असती. सर, ती चूक नव्हती, एवढंच म्हणायचं होतं.

"सर..."

"काय?"

यादीत बेचाळीसपुढे 'दुरुस्त' अशी त्याचीच खूण होती. "काही नाही सर," तो म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याने खेळ सुरू केला.

खोलीतल्या पडद्यावर सैनिक जिना चढू लागला. बाई पिशवी मांडीवर घेऊन पुढे वाकल्या. त्यांचे ओठ हलत होते. पाच, सहा, सात. सैनिक आठवीवर गेला, नववीवर गेला, वर पोचला.

"थांबला नाही हा," बाई म्हणाल्या.

"ती चूक होती काकू, काढली." ऑफिसातला शब्द त्याच्या तोंडून निघून गेला. "म्हणजे, आम्ही इथे सगळ्यालाच चूक म्हणतो."

"चूक," बाई म्हणाल्या. "पन्नास वेळा चढायला लावलंन मला. मोबाईलवर शूटिंग घेत वर उभा. मी म्हटलं, अरे मेल्या, नीट चढणारं कुणीतरी बघ. तर म्हणाला, नीट चढणारे ढीगभर आहेत, आई."

प्रमुखांनी पेन पुढे सरकवलं. बाईंनी सावकाश सही केली, पेनाला टोपण लावलं आणि खुर्चीच्या हाताला धरून उठल्या.

"बरं केलंत," त्या भिंगाला म्हणाल्या. "गुडघा तरी बरा केलात माझा."

त्या एकट्याच जिन्याकडे गेल्या. पडद्यावरचा सैनिक कुणी बंद केला नव्हता. तो पुन्हा खालून चढायला लागला होता. सहा, सात, आठ.