ब्रिजखालची फट

शिवणकाम करणाऱ्या मावशींचा ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवून चिकटवलेले खोटे दात, हलायला लागला, म्हणून दातांच्या डॉक्टरांनी तो काढला. आठ वर्षांपूर्वी त्यांनीच बसवलेला. त्याखालचे दात पार किडले होते, कारण हिरडीपाशी केसभर फट राहून गेली होती. तेव्हा जेवायला जायची घाई होती आणि "चालेल" म्हणत डॉक्टरांनी ब्रिज तसाच चिकटवला होता.

"दोष माझाच हो डॉक्टर," मावशी तोंडावर रुमाल धरून म्हणाल्या. "जन्मभर दाताने दोरा तोडला मी."

डॉक्टर पुढच्या उपचारांकडे वळले. किडके दात काढायचे, जखम भरून हाड तयार होईपर्यंत काही महिने कवळी आणि मग हाडात पक्के बसवायचे दात, म्हणजे इम्प्लांट, असं ठरलं. पण त्या दिवसापासून डॉक्टरांची झोप उडाली.

कवळी द्यायच्या दिवशी त्यांनी ती चारदा घासून, चारदा बसवून पाहिली. शेवटी राहवेना, तेव्हा खाली मान घालून म्हणाले, "मावशी, दोऱ्याचा काही संबंध नाही. ब्रिज मीच नीट बसवला नव्हता."

मावशी आरशात नवे दात न्याहाळत होत्या. "ठाऊक आहे मला. ब्रिज हलायला लागल्यावर, तुमच्याकडे यायच्या आधीच, दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"आणि तरी माझ्याकडेच आलात?"



"अहो, माझ्या दातांपायी ज्याची झोप उडेल, असा डॉक्टर मला दुसरा कुठे मिळणार होता?"