खांद्याखालची टिचकी

डाव्या खांद्याखाली, धडधडही आवरणारा नव्या प्रकारचा पेसमेकर बसवला होता तिथे, आतून हलकीशी टिचकी बसली. भीतीने हृदय धावू लागलं की यंत्र त्याला लगेच आवरायचं. भीतीची एवढीच खूण आता नलिनीताईंकडे उरली होती. आनंदाचीही एवढीच.

"तीस वर्षं झाली, तरी आमटीतला माहेरचा गूळ सुटत नाही तुझा," म्हणत भास्कररावांनी ताट ढकललं.

पुन्हा टिचकी बसली. पूर्वी छातीत धडधडायचं आणि त्या मुकाट दुसरी आमटी फोडणीला टाकायच्या. आज त्या भात कालवत राहिल्या.

"बहिरी झालीस?"

"नाही, ऐकतेय." आजवर कितीदा तरी गिळलेलं वाक्य वाण्याची यादी सांगावी तसं बाहेर आलं. "अहो, मी धाकट्या बहिणीकडे रत्नागिरीला राहायला जातेय. कायमची."