डावखुरी टेप

बहिणीच्या जुन्या छोट्या गाडीचा डावा हेडलाइट स्विच बंद असतानाही मनाला येईल तेव्हा लागायचा. वायरमन असलेल्या तिच्या भावाने बॉनेट उघडायच्या आधीच गुन्हेगार ठरवून टाकला.

"ताई, भाऊजींनी हात घातलाय ना यात?"

"त्यांना घरातला बल्ब बदलता येत नाही! आणि गाडी कालच तर सेकंडहँड घेतलीय."

त्याचा विश्वास बसला नाही. ही गाडी मुळातच तिरपागडी. हिच्यात करंट दिव्यापाशी कायम येऊन थांबलेला असतो. स्विच त्याला फक्त अर्थिंग देतो. म्हणजे अर्थिंगची उघडी वायर कुठेतरी पत्र्याला टेकत असणार.

तो वायर धरून मागे मागे सरकू लागला. पहिल्याच सांध्यावर थबकला. टेप उलट्या फेऱ्यांनी गुंडाळलेली होती, डावखुऱ्या माणसाची असते तशी. वर तिचं टोक दुमडून छोटा कान काढलेला. तो स्वतःही डावखुराच, आणि असा कान तोच काढायचा. दुसरं कुणी काढताना त्याने पाहिलं नव्हतं.

"ही गाडी आधी माझ्याकडे आणली होतीस?"

"वेडा का खुळा तू? आज पहिल्यांदाच आणतेय."

पुढच्या सांध्यावरही तसाच कान. टेप कोरी करकरीत, बोटाला चिकटणारी. कुणीतरी आपली चेष्टा करतंय, असं वाटून त्याने गॅरेजभर नजर फिरवली. दोघांशिवाय कुणीच नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या भिंतीवर उजेड पडला.

तो दार उघडून डॅशबोर्डखाली वाकला. शेवटच्या सांध्यावर टेप अर्धीच गुंडाळलेली होती. न तोडलेलं रीळ खाली लोंबत होतं, आणि नुकतंच कुणाच्या हातातून सुटावं तसं हलत होतं.